दादाच्या नंबरवरचं अकाउंट

मंगळवार, संध्याकाळ

माझं इन्स्टावरचं दुसरं अकाउंट दादाने मुंबईत बसून उघडून वाचलंन. चूक माझीच. नंबर त्याचा घातलेला, माझा होता कुठे? चार मैत्रिणी सोडून ते कोणाला दिसत नव्हतं. तिथेच लिहिलेलं की नववीत शाळा सुटली, आता आईबरोबर मासळी विकायला बसते, वर्गातली पोरं आली की लाज वाटते.

फोनवर हसत होता. "काय गो, लाज वाटते? आईला सांगू?"

"नको रे दादा."

बंद करायला गेले तर पासवर्ड बदललेला. ओटीपी पण त्याच्याच नंबरवर.

आत्ता आई मासळीची पाटी धुताना म्हणाली, "उद्यापासून घरीच राहा, बाय. ऊन फार असतं."

म्हणजे दादाने सांगितलंन. ओरडली असती तर बरं झालं असतं.