दोन गाण्यांच्या मधली जागा

बाबा, त्या बाईची गाणी पुन्हा निघाली आहेत. मूळ फितींवरची खरखर काढून तीन सीडींचा संच केला आहे, सोबत जाड पुस्तिका, तिच्यात सगळ्या गाण्यांचे शब्द. वरती तोच फोटो आहे, खांद्याशी फूल लावलेली ती आणि मागे ओळीनं बसलेले ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले, म्हणजे तुमचे भोंगेवाले. आपल्या तबकडीच्या पाकिटावर तिच्या हनुवटीजवळ तुमच्या हातून सोल्डरिंगचा डाग पडला होता. या नव्या फोटोत तो नाही, आणि पार्सल उघडल्याबरोबर मी आधी तोच शोधला. संच मी हौसेनं मागवला नाही. तुमचं एक वाक्य कुठल्या गाण्याचं होतं, ते मला शोधायचं होतं.

त्या गाण्यांना जॅझ म्हणतात हे मला पुढे हैदराबादला कळलं. आदिलाबादजवळच्या बोथला, बस स्टँडसमोरच्या आपल्या रेडिओ-टेपच्या दुकानात, ती नुसती ‘बाईची रेकार्ड’ होती. उटनूरच्या कचेरीतला एक अधिकारी रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीला टाकून गेला, वाजवून बघायला म्हणून ही एक तबकडी ठेवून गेला, आणि मग त्याची बदली झाली. प्लेयर तुम्ही आठवड्यात दुरुस्त केला आणि वर्षानुवर्षं त्याच्यावरची धूळ पुसत राहिलात. कापूस विकून येणारे लोक कापडात बांधलेले रेडिओ घेऊन यायचे, त्यातला एखादा विचारायचा, विकता का हो? तुम्ही म्हणायचे, “माणसाची वस्तू हाये. येईन तो.” तो आला नाही. पण तबकडी वाजत राहिली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही ती लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. एक अक्षर कळत नव्हतं तुम्हाला. मलाही नव्हतं.

मी कॉलेजला हैदराबादला निघाले तेव्हा तुम्ही मला तिची कॅसेट भरून दिली. “इंग्रजी कानावर पडन,” म्हणालात. कॅसेटी भरून देणं हा तर तुमचा धंदाच होता. समोरच्या दुकानदारानं आपल्या कॅसेटीवरून नक्कल करू नये म्हणून त्या काळी सगळेच दोन गाण्यांच्या मधे दुकानाचं नाव बोलून ठेवायचे. आपल्या दुकानाचं नाव मात्र तुमचा कंडक्टर मित्र बोलायचा, हिंदीत, ऐटीत. तुम्हाला तुमच्या बसक्या आवाजाची लाज वाटायची. गावातली भजनं, लग्नातले बँड, कोणाकोणाची भाषणं तुम्ही भरलीत, पण तुमचा स्वतःचा आवाज कुठल्याच फितीवर नव्हता. त्या एका कॅसेटवर सोडून.

दुकानात बसचे हॉर्न येतात म्हणून तुम्ही सगळं सामान घरी स्वयंपाकघरात आणलं. मला बाहेर काढलं, “तुयासमोर बोलता येत नाही.” मी अंगणात ट्रंकेत कपडे भरते आहे आणि आतून आईचा आवाज येतो आहे.

“काऊन, अर्धा शिजलेला कुकर उतरवू का आता?”

“एक शिट्टी झाली तं पुना कराव लागन.”

“मंग आज बाईचं गाणंच खा.”

शिट्टी झालीच. तुम्ही पुन्हा केलं. तीनदा केलं म्हणे सगळं. एकूण अकरा गाणी, आणि प्रत्येकाच्या आधी तुम्ही मला उद्देशून एकेक वाक्य बोललात. मग कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन बारीक पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरनं मोडल्यात. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

अकरातली चार वाक्यं मला आठवतात, पण पहिलं सोडलं तर कुठलं कोणत्या गाण्याआधीचं ते आठवत नाही. “हे पह्यलं. नीट आयक, बाई हळू बोलते.” दुसरं, “आता हिले राग आला हाये, पण हासून राह्यली.” तिसरं आठवलं की अजून हसू येतं: “इथं भोंगेवाला लई लांबवते, तवरक पाणी पिऊन घे.” आणि चौथं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप: “हे मले काई समजलं नाही. तुले समजलं तं दिवाळीले आली का सांग.”

हॉस्टेलमधे मी ती कॅसेट खोलीतल्या मुलींना ऐकवली. त्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या होत्या. मधेच तुमचा आवाज आला आणि त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी चिकटपट्टी आणली, मोडलेल्या पट्ट्यांच्या जागी लावली, आणि तुमची वाक्यं पुसली. कसं पुसायचं ते तुम्हीच दुकानात शिकवलं होतं: टेपच्या माईकच्या भोकात वायर नसलेली नुसती पिन घातली की आतला माईक बंद होतो, मग कोरी शांतता भरता येते. अकराही ठिकाणी मी ती भरली. एकाही गाण्याचा सूर तुटू दिला नाही. तुमच्याकडून शिकलेलं दुसरं कुठलंही काम मी इतक्या सफाईनं केलेलं नाही.

दिवाळीत घरी आले तेव्हा तुम्ही ती कॅसेट मागितलीत. मला वाटलं होतं, विसरला असाल. दुकानात डेकमधे घातलीत, स्टुलावर बसलात. आधी शांतता, मग पहिलं गाणं. पुन्हा शांतता, मग दुसरं. तिसऱ्या शांततेला तुम्ही डेक थांबवला, कापसाला स्पिरिट लावलं आणि हेड पुसायला लागलात, ते मळलं की आवाज जातो म्हणून. हेड स्वच्छ होतं. ते मला दिसत होतं, म्हणजे तुम्हाला दिसतच असणार.

मी म्हणाले, “हॉस्टेलच्या टेपनं खराब केली.”

“करतेत तशे ते टेप,” तुम्ही म्हणालात. मग कॅसेट काढून नखानं दोन्ही चिकटपट्ट्या सोलल्या, गोळी करून फेकल्या आणि कॅसेट मला परत दिली. “आता ऱ्हायलं ते तरी ऱ्हाईन.” इतकंच. कुठलं गाणं समजलं, ते तुम्ही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तुम्हाला कळलंच नसेल, असं मी बरीच वर्षं धरून चालले. चिकटपट्टी सोलणाऱ्या माणसाला कळलं नसेल असं मानायला काय लागतं, ते आता मला ठाऊक आहे.

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आदिलाबादला कॉलेजात शिकवते, आणि तेही इंग्रजीच. आई माझ्याकडे असते. रविवारी दुपारी मी पहिली सीडी लावली तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “हीच ना ते? तरणी झाली आवाजानं.” खरं आहे. सगळी खरखर गेली आहे. आपल्या तबकडीवर सुई जिथे उडायची तिथे आता गाण्याचा एक पूर्ण शब्द ऐकू येतो. मला वाटलं होतं, गाणी ओळीनं ऐकली की तुमची वाक्यंही ओळीनं आठवतील. पण या लोकांनी क्रम बदलला आहे, कुठलं कधी गायलं त्या हिशेबानं लावला आहे. आणि एक गोष्ट केली आहे जी मला ऐकवत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी टाकून दिलेले तुकडेही त्यांनी शोधून जोडले आहेत. ती चुकते, खाकरते, हसते, कोणाला तरी म्हणते, पुन्हा घेऊ. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. तिच्या माणसांनी तिची खुर्चीसुद्धा जपली.

आईला विचारलं, बाबा काय काय बोलले होते गं तेव्हा? ती म्हणाली, “मले काय मालूम बाई. मी तं शिट्टीकडं पाहून राह्यली होती.” थोडा वेळ भाजी निवडली आणि म्हणाली, “पण लई दिवस घोकत होते. आंगोळ करतानी बी.”

ते गाणं सापडलं नाही. तीनदा ऐकलं, पुस्तिका घेऊन बसले. निदान पाच गाणी अशी आहेत की सुरावरूनही तुम्हाला समजली नसती. शेवटी मी अकराही गाण्यांचे अर्थ मराठीत वहीत लिहून काढले, म्हणजे तुमचं जे असेल ते त्यात येईल. वाचून दाखवता येतील असे, सोपे लिहिले आहेत. दोन गाण्यांच्या मधे या सीडीवर तीन सेकंदांची जागा आहे, मी मोजली. तुमचं एक वाक्यही तिच्यात पुरं होत नाही. पाणी पिऊन घे, इथपर्यंत येण्याआधीच ती गायला लागते.

हे पत्र पुस्तिकेच्या खिशात ठेवते आहे, ती वहीही संचाजवळच. ठेवण्याआधी त्या वर्षीची माझी डायरी काढून पाहिली, कारण वर लिहिलेल्या एका गोष्टीची मला खात्री नव्हती. म्हणजे खात्री होती, म्हणूनच काढली. मुली हसल्या नव्हत्या, बाबा. मी त्यांना ती कॅसेट ऐकवलीच नव्हती. त्या हसतील असं मला वाटलं, आणि त्यांनी ऐकण्याआधीच मी ती पुसली.