पुडीच्या तळाशी

नागपूर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. मीराआत्यास,
प्रीतीचा सा. जयभीम, वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

दोन वर्षांमागे तू स्वतःसकट भिवापूरच्या अकरा बायांकडून मला मिरचीच्या जुन्या बियाण्याच्या पुड्या आणून दिल्या होत्यास, त्यावरचं माझं काम पूर्ण झालं. शोधनिबंध लिहून झाला. परवा छापायला पाठवायची प्रत पाहिली तर पहिलं नाव विक्रमचं. विक्रम म्हणजे आमच्या सरांचा लाडका विद्यार्थी, ज्याने भिवापूरचा बसस्टँडही पाहिलेला नाही. माझं नाव शेवटी, आभारात, विद्युत विभागाच्या खाली. मी सरांना विचारलं तर ते म्हणाले की विक्रमला नोकरीसाठी गरज आहे, तू काहून एवढी मनाला लावून घेतेस.

विद्यापीठात पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्या आम्हा पोस्टडॉक लोकांसाठी एक संवाद साहाय्य कक्ष उघडला आहे. कामाच्या जागी भांडण झालं तर तिथे जायचं. मी गेले. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर, टेबलावर क्रीमची बिस्किटं, आणि लतिका मॅडम नावाच्या बाई, मान एका बाजूला कलती ठेवून ऐकणाऱ्या. माझं सगळं ऐकून त्यांनी एक कागद दिला आणि सरांचे तीन चांगले गुण लिहायला सांगितले. मी खूप विचार करून लिहिलं, अक्षर चांगलं आहे. दुसरा सुचेना. घरी येऊन साबणाने हात धुतले, तरी किळस जात नव्हती.

तुझ्या पुड्यांची एक गंमत सांगायची राहिली. प्रत्येक पुडीच्या तळाशी काहीतरी निघालं होतं. कुणाच्या पुडीत लाल बांगडीचा तुकडा, कुणाच्यात खडा, तुझ्या पुडीत तुरीचे पाच दाणे. सर म्हणाले होते कचरा आहे, फेक. मी फेकला नाही, प्रत्येकीचं नाव लिहून खणात ठेवला. तो काय प्रकार असतो?

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी प्रीती


भिवापूर,
१२ फेब्रुवारी

चि. प्रीतीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुह्यं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता. दुसऱ्यांदा वाचलं आन् ताटावरून उठली. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बिळाले स्वतःच्या नावाची पाटी लावणारा नागोबा पहिल्यांदाच ऐकून राहिली.

तो कचरा नाही वं बाई. आपल्याकडं बियाणं देताना कोरं देत नाही. पुडीच्या तळाले आपल्या वावरातलं, घरातलं काहीतरी ठेवाचं. म्हणजे बियाणं कोणाच्या हातचं हाय ते ध्यानात राहते. आमच्या सातऱ्यावर, मिरची वाळू घालते तिथंही तसंच. मिरचीचे डेठ खुडता खुडता बायांचं भांडण होतेच, हा ढीग माह्या का तुह्या म्हणून. मुकादमीण कोणाले समजावत बसत नाही. एकच पुसते, ढिगाच्या तळाले काय ठेवलं होतं. जिचा ढीग तिले ठाऊक असते. दुसरी गुमान उठते.

तुह्या त्या मान कलती करणाऱ्या बाईले सांग का तिनं एक दिवस सातऱ्यावर येऊन बसावं. ठसक्यानं मान सरळ होईन. आन् तू मले एवढं सांग, इतकी शिकली तरी अजून शिकूनच राहिली काय? नोकरी पक्की कधी होते?

जेवत जा. माया हाय तशीच हाय.
तुह्यी आत्या


नागपूर,
२४ फेब्रुवारी

ती. मीराआत्यास,
प्रीतीचा सा. जयभीम, वि. वि.

नोकरी पक्की नाहीच. दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि माझी मार्चअखेर संपते. वाढवणारी सही सरांचीच. आता तुला कळेल माझा गळा कुणाच्या हातात आहे.

शुक्रवारी दुसरी बैठक झाली. सर, विक्रम, मी आणि लतिका मॅडम. तुझी रीत आठवली म्हणून मी विक्रमला सरळ विचारलं की बियाणं तू आणलंस तर पुड्यांच्या तळाशी काय होतं ते सांग. तो सरांकडे पाहू लागला. लतिका मॅडम लगेच म्हणाल्या की कोण खरं आणि कोण खोटं हे इथे पाहत नाहीत, इथे फक्त नाती दुरुस्त होतात. आणि बिस्किटांची बशी पुढे केली. सरांनी दोन उचलली.

मग त्यांनी एक समेटपत्र काढलं. आधीच टाइप केलेलं. त्यात लिहिलं आहे की गैरसमजातून दोन्ही बाजूंच्या भावना दुखावल्या आणि माझी आता काहीही तक्रार नाही. अकरा मार्चपर्यंत सही केली तर मुदतवाढ, नाहीतर विभागातल्या वातावरणाचा विचार करावा लागेल. चोरी झाली तिची, आणि वातावरण बिघडवलं तिनेच. मी सरळ उठून बाहेर गेले, आत्या.

वाईट याचं वाटतं की मी तो कागद पर्समध्ये घालून घरी आणला. सही करावी असं रोज एकदा तरी वाटतं.

माझ्यावर रागावू नकोस.
तुझी प्रीती


भिवापूर,
३ मार्च

चि. प्रीतीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मी कायले रागावू. पोट सगळ्याइलेच हाय. पण सही कराच्या आधी हे पत्र वाच.

शनिवारी माह्या नावानं तुह्या विभागाचा जाडजूड लिफाफा आला. पुड्यांवर पत्ता माह्याच होता नं. मी गोंडाणे, तू रामटेके, तर त्या येड्यांले आपलं नातं ठाऊक नाही. आत अकरा अर्ज. प्रत्येकावर छापलं हाय का मी हे बियाणं श्री. विक्रम यांच्या हातात स्वतः दिलं. तारीख दोन वर्षं आधीची. छापणाऱ्याइले बायांची संमती पाह्यजे, म्हणून सही करून लवकर पाठवा म्हणते, वर पोस्टाची तिकिटंही लावली. एवढा निर्लज्जपणा आमच्या मुकादमातही नाही, आन् तो तर वजनात काटा मारते.

मी अर्ज सातऱ्यावर नेले आन् वाचून दाखवले. पुष्पलता थुकली. सरिता म्हणे का आपण फाडून टाकू. मी म्हटलं फाडाचे नाही, भराचे. अकराही जणींनं सहीच्या जागी एकच ओळ लिहिली. ज्यांले लिहिता येत नाही त्याइनं माह्याकडून लिहून अंगठा लावला. कोऱ्या अर्जाइची झेरॉक्स आधीच काढून ठेवली होती. भरलेले त्याइच्याच तिकिटावर विभागाले धाडले, आन् त्याइची झेरॉक्स कुलगुरूले.

आता तुह्यं तू ठरव. सही केली तरी आत्या तुह्यीच हाय.
मीरा


नागपूर,
१२ मार्च

ती. मीराआत्यास,
प्रीतीचा सा. जयभीम, वि. वि.

काल शेवटची बैठक झाली. या वेळी कुलगुरूंचा माणूसही बसला होता, आणि तुमचे अकरा अर्ज त्याच्या समोर होते. त्याने पहिला वाचला. आमच्या पुडीच्या तळाले काय होतं ते ज्याले ठाऊक, बियाणं त्याले दिलं. दुसरा वाचला, तेच. अकराव्यापर्यंत तेच.

मी खणातला डबा नेला होता. एकेक नाव वाचून एकेक वस्तू टेबलावर मांडत गेले. बांगडीचा तुकडा पुष्पलताबाई, खडा सरिताबाई, तुरीचे दाणे तू. विक्रम खाली पाहत होता. सरांना ओळख पटली असावी, हाच कचरा त्यांनी मला फेकायला सांगितला होता. लतिका मॅडमनी बशी सरकवून वस्तूंना जागा केली. त्यांच्या हातून तेवढंच काम झालं.

निबंध परत मागवला आहे. पहिलं नाव माझं लागेल, आणि खाली तुम्हा अकराजणींची. मुदतवाढ मात्र मिळाली नाही. वातावरण म्हणे. कुलगुरूंच्या त्याच माणसाने दाराशी माझं अभिनंदन केलं आणि त्याच दमात हेही सांगितलं. मला रडू आलं नाही, नुसती शिसारी आली.

मी रविवारी येते आहे. उरलेलं बियाणं जिचं तिला परत द्यायचं आहे. अकरा पुड्या बांधल्या. कोऱ्या द्यायच्या नसतात, म्हणून ते समेटपत्र सही न करता फाडलं, अकरा तुकडे केले आणि एकेक तळाशी ठेवला. माझ्या वावरात दोन वर्षांत एवढंच पिकलं.

दार उघडं ठेव, लोभ आहेच.
तुझी प्रीती