लग्नाच्या टेपेवरची धूळ

मु. पार्से, पेडणे

श्री. अनंतराव यांस,

पार्सेहून कृष्णनाथचा सादर नमस्कार. पाकिटावर माझे अक्षर पाहून दचकू नये, इकडे सगळी माणसे जागच्या जागी आहेत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींना मुरगावच्या दमट हवेचा जो खोकला होता तो गेला का, हे जरूर कळवा. आमच्याकडे काजूला मोहर बरा आहे. माझा रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे आणि गोळी तुमच्या बहिणीच्या, सत्यवतीच्या, ताब्यात. हे सारे व्हॉट्सॅपवर लिहिता आले असते. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर हल्ली दोन्ही पक्ष पहारा देतात, आणि मी नुसते हात जोडल्याचे चित्र टाकले तरी ते कोणाला जोडले यावर चर्चा होते. म्हणून हे टपालाने.

आमच्या लग्नाच्या व्हिडिओवरून इकडे काही बिनसले आहे एवढे तुमच्या कानी आले असेलच. पण ते बहुधा माझी थोरली बहीण सुलोचना हिच्याकडून आले असेल (ती शेजारच्याच घरात राहते, तरी बातमी मुरगावला आधी पोचते), म्हणून खरे काय घडले ते मी सुरुवातीपासून सांगतो.

लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या लेकीने, क्षमाने, बंगळूरहून फोन करून विचारले की तुमच्या लग्नाची कॅसेट आहे ना, ती नीट करून घ्या, मला बघायची आहे. कॅसेट होती. आर्माराच्या खालच्या कप्प्यात सत्यवतीच्या शालींखाली ती इतकी वर्षे सुखाने होती आणि तिच्यावर पांढरी बुरशी आली होती. साखळीला रुद्रेश नावाचा एक स्टुडिओवाला आहे, तो असल्या कॅसेटी धुऊनपुसून संगणकावर घेतो आणि त्यांचे उडालेले रंग परत आणतो, असे कळले. मी कॅसेट नेऊन दिली. रुद्रेश स्वभावाने चांगला आहे. त्याचा दोष एवढाच की त्याला स्वतःचे काम फार आवडते.

पहिल्या खेपेला त्याने आम्हाला जे दिले ते आम्ही दोघांनी मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावले. मांडवातल्या सगळ्या सावल्या निळ्याहिरव्या झाल्या होत्या आणि माणसांची तोंडे पिकल्या बोंडूसारखी केशरी. (बोंडू म्हणजे काजूचे फळ, हे तुम्हाला सांगायला नको, पण मुरगावात राहून माणूस विसरतो.) मंगलाष्टके म्हणणारे भटजी कोणाच्या तरी खुनाची योजना आखत असावेत असे वाटत होते. माझ्या मुंडावळ्या अंधारात चमकत होत्या. शेवटी सत्यवतीने विचारले, हे कोणाचे लग्न आहे. मी रुद्रेशला फोन केला, तर तो म्हणाला की यालाच ग्रेडिंग म्हणतात, आजकाल सगळ्या चित्रपटांना शेवटी असा रंग चढवतात, त्याने प्रसंगाला गांभीर्य येते. मी म्हटले, प्रसंगाला गांभीर्य आम्ही त्याच दिवशी आणले होते, तू आमचे साधे रंग परत दे.

मग आम्ही दोघे बसने साखळीला गेलो आणि त्याच्या शेजारी खुर्च्या टाकून बसलो. मूळ कॅसेटमध्ये सगळेच तांबूस दिसत होते. रुद्रेश म्हणाला की टेप जुनी झाली की अशी लाली चढते, ती काढायला चित्रात नक्की पांढरी असलेली एक वस्तू दाखवा. ती पांढरी केली की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात. सत्यवती म्हणाली, त्या दिवशी त्या मांडवात पांढरे असे काहीच नव्हते. मी म्हटले, असे कसे, माझे धोतर होते. नवे कोरे, मी स्वतः म्हापशाहून आणलेले. रुद्रेशने माझ्या धोतरावर बाण नेऊन टिचकी मारली, आणि अनंतराव, काय सांगू, सगळे जग धुऊन निघाले. मांडव पांढरा, माणसे उजळ, केळीची पाने हिरवीगार. सत्यवतीचा शालू, जो तिच्या मते डाळिंबी आणि कॅसेटच्या मते विटेसारखा होता, तो खरोखरच डाळिंबी झाला. आणि मी? मी स्वतःविषयी लिहू नये, पण मी बरा दिसत होतो.

मी खूश होऊन तिच्याकडे पाहिले. ती पडद्याकडे पाहत होती. पडद्यावर तेव्हा तुमचे बाबा मांडवात आले होते. खांद्यावर तुवालो, हातात रिकामी बाल्दी, स्वच्छ सदरा, अंगावर डाग नाही. चेहरा मात्र पांढराफटक, इस्पितळातून परस्पर लग्नाला आल्यासारखा. सत्यवती म्हणाली,

"हो म्हजो बाबा न्हय."

इथे मी बोललो. बोलायला नको होते, हे मला आता दोन्ही पक्षांनी समजावून सांगितले आहे. मी म्हटले, अगं, छान दिसतात की, धूळ गेली ते बरेच झाले. त्यावर ती उठली आणि बसस्टँडवर जाऊन उभी राहिली. साखळीपासून पार्सेपर्यंत ती जनेलाबाहेर पाहत होती. म्हापशाला बस बदलतानाही ती अशी चढली की जणू माझी आणि तिची ओळख त्याच बसमध्ये व्हायची आहे.

धुळीची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या गावच्या घरावरून खाणीचे ट्रक लोहखनिज घेऊन दिवसभर धावत, आणि तो माल बार्जमधून शेवटी तुमच्याच मुरगावला जाऊन बोटीत चढे. वाटेत जे सांडे ते तुमच्या घरावर, झाडांवर आणि आमच्या वऱ्हाडावर. सुलोचना त्या दिवशी दुधी रंगाची नवी साडी नेसून आली होती आणि परत गेली तेव्हा ती साडी मातीच्या रंगाची झाली होती. त्या दिवसापासून माझ्या बहिणीने ही गोष्ट प्रत्येक चतुर्थीला, प्रत्येक बारशाला आणि एकदा एका बाराव्यालाही सांगितलेली आहे. मुलीकडच्यांनी पाहुण्यांना धुळीत बसवले. आणि सत्यवती दर वेळी म्हणायची, इतकी काही नव्हती धूळ. या एका विषयावर दोघींनी माझ्या संसाराची सगळी वर्षे वापरली आहेत.

तर मला वाटले, स्वच्छ व्हिडिओ पाहून सुलोचना तरी निवेल. मी तिला मोठ्या उत्साहाने बोलावून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत पाहिला आणि मला विचारले की धूळ कुठे गेली. मी म्हटले, काढली. ती म्हणाली, कोणाला विचारून काढली? तिचा सगळा पुरावा त्या धुळीत होता. आता पुढच्या पिढीला वाटणार की सुलोचनाआत्या जन्मभर खोटे बोलली. तिने त्याच दिवशी ग्रुपवर लिहिले की लग्नाचा व्हिडिओ बदलण्यात आला असून मूळ रंग परत मिळालेच पाहिजेत. त्याच्याखाली सत्यवतीने, जिने ग्रुपवर सुलोचनाच्या मजकुराला कधी उत्तर दिलेले नाही, संमतीचा अंगठा टाकला.

माझी अवस्था लक्षात घ्या. धूळ नव्हती म्हणणारीला धूळ हवी होती, धुळीला शिव्या घालणारीला धूळ हवी होती, आणि स्वच्छतेच्या बाजूने मी आणि रुद्रेश असे दोघेच उरलो होतो. रुद्रेशने माझे सांत्वन केले. जगभर हे चालते म्हणाला. जुना चित्रपट नव्याने काढतात, त्याचे रंग पहिल्यासारखे नसले की लोक इंटरनेटवर महिनोन्महिने भांडतात. एक म्हणतो थिएटरात दिसला तसा हवा, दुसरा म्हणतो कॅमेऱ्याने टिपला तसा. मी विचारले, मग शेवटी निकाल काय लागतो? तो म्हणाला, निकाल लागत नाही, पुन्हा नवी प्रत निघते.

आम्ही तिघे पुन्हा साखळीला गेलो. मध्ये मी, दोन्ही बाजूंना एकेक पक्ष. आता अडचण अशी की कॅसेटमधल्या लालीपैकी टेपेची किती आणि खाणीची किती, हे कोणालाच सांगता येईना. रुद्रेश म्हणाला, मला धुळीचा खरा रंग दाखवा. मी पूर्वतयारी म्हणून घराकडची लाल माती पिशवीतून नेली होती, ती पडद्याशेजारी धरली. सुलोचनाने ती चिमटीत घेऊन सांगितले की ही आमच्या बागेतली आहे, हिच्यात माड होतात, ती धूळ काळपट होती आणि हाताला चिकटायची. सत्यवती म्हणाली, बरोबर. (लग्नानंतर त्या दोघींनी एकमेकींना बरोबर म्हटलेले मी प्रथमच ऐकले, आणि खरे सांगतो, मला थोडी भीती वाटली.) मग वाटाघाटी सुरू झाल्या. सुलोचनाचे म्हणणे, पंगतीवर दाट टाक. सत्यवतीचे म्हणणे, पानात नव्हती, उगाच घालू नको. छतावर घाल, बाबांच्या कपाळावर घाल, खांद्यावर घाल. रुद्रेश प्रत्येक ठिकाणी मूळ टेपेतला तांबूस रंग थोडा काळपट करून परत चढवत होता आणि दोघी मिळून त्याला मीठ चाखल्यासारखे सांगत होत्या: आणखी थोडा, बास, जास्त झाला.

असे करत करत पुन्हा बाबांचा प्रसंग आला. आता ते खाणीवरून आल्यासारखेच दिसत होते, केसांपासून पायांपर्यंत लाल. आधी कोणाच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आता दिसली. मांडवाच्या दारात ते थांबतात, व्हिडिओवाला आपल्याला घेतो आहे हे पाहून ओशाळतात, आणि घाईघाईने तुवाल्याने तोंड पुसतात. पुसल्या जागी गालावर एक उजळ पट्टा उमटतो. स्वच्छ प्रतीत तो पट्टा नव्हताच, कारण पुसायलाच काही नव्हते. मग बाल्दी उचलून ते पुन्हा बाहेर रस्त्याकडे जातात. मागे अंतरपाट धरलेला दिसतो, म्हणजे मंगलाष्टके चालू आहेत.

सुलोचनाने रुद्रेशला चित्र थांबवायला सांगितले.

"हे बाल्दी घेवन खंय चल्ले?"

सत्यवती म्हणाली, रस्त्यावर. सकाळपासून ते विहिरीचे पाणी काढून रस्त्यावर मारत होते, ट्रकांची धूळ उडू नये म्हणून. पाणी मारले की उन्हाने वाळायचे, वाळले की पुन्हा मारायचे. ट्रकवाल्यांना हात जोडून झाले होते; काही थांबले, काही नाही. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा ते मांडवात नव्हते.

सुलोचनाने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली,

"माका कोणेच सांगूक ना."

"तुमी कधी विचारलां?" सत्यवती म्हणाली. पण रागाने म्हणाली नाही.

बस, एवढेच झाले. सुलोचनाने रुद्रेशला सांगितले की पंगतीवरची धूळ थोडी कमी कर, जास्त वाटते. सत्यवती म्हणाली, राहू दे, होती तेवढी. मी धोतराचा विषय काढणार होतो, पण काढला नाही. ते पुन्हा विटकरी झाले आहे आणि मीही. परत येताना बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या. मला मागे जागा मिळाली.

तर असे सगळे गोड झाले आहे. आपणा दोघांना नमस्कार. गुडघ्याला लावायचे तेल कोणाबरोबर तरी पाठवतो.

आपला,
कृष्णनाथ

ता. क. गोड झाले असे वर लिहिले ते खरे आहे, पण पुरते नाही. इतकी वर्षे त्या दोघी एकमेकींशी भांडत होत्या तेव्हा माझ्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. आता रोज दुपारी ओसरीवर एकत्र बसतात आणि माझ्याविषयी त्यांचे एकमत होत चालले आहे. माझे चालणे, माझे घोरणे, मी चहा बशीत ओतून पितो ते. काल दोघींनी ठरवले की तुमच्या लग्नाची कॅसेटही रुद्रेशकडे न्यायची, आणि ती घ्यायला येत्या रविवारी त्या तुमच्याकडे येत आहेत. माझी विनंती इतकीच की कॅसेट लगेच सापडू देऊ नका. माळ्यावर असेल म्हणा, वहिनींना विचारतो म्हणा. दोघींना आठवडाभर ठेवून घेतल्यास उपकार होतील.

ता. क. दुसरा. दादा, हे पत्र टाकायला यांनी माझ्याकडेच दिले म्हणून वाचले. आम्ही एकच दिवस राहू, वहिनीला सांग काही करू नको. आमच्या टेपेवर व्हिडिओवाल्याने वरून गाणी घातली आहेत, त्यामुळे बाबा तोंड हलवताना दिसतात, ऐकू काही येत नाही. तुझ्या लग्नाच्या टेपेत तरी आवाज ठेवलेला आहे का ते बघ. असला तर रंगाचे राहू दे. — सत्यवती