एक पाऊल मागे

तीर्थरूप दादास,
धाकटीचा कोपरापासून नमस्कार.

इथे अमेरिकेत फ्रेस्नोच्या कम्युनिटी कॉलेजात मी या वयात लिंगभाव आणि सामाजिक न्याय शिकते आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पुढे विद्यापीठात जायचं तर स्वतःबद्दल निबंध द्यावा लागतो. मी तुझ्यावरच लिहिला होता: तुला अण्णांनी इंजिनिअर केलं, माझी बोळवण घरच्या संस्कृतावर.

निबंध देण्याआधी वर्गात बाईंनी आम्हाला शेजारी शेजारी एका रांगेत उभं केलं आणि प्रश्न विचारले. घरात पुस्तकं होती? एक पाऊल पुढे. लहानपणी शेतात राबलात? एक पाऊल मागे. "भावाला आधी शिकवलं?" मी ऐटीत मागे सरले. तेवढंच एक, दादा. शेवटी सगळ्यांत पुढे मीच!

द्राक्षमळ्यातल्या मजुराची लेक, माझ्या वर्गातली येसेनिया मागच्या भिंतीला टेकून ओरडली, "मावशी, तिकडून आम्ही दिसतो का गं?"

"दिसता की! मान तेवढी वळवावी लागते."

निबंध नव्याने लिहिला. तुझ्या वाट्याला एकच ओळ आली. आज प्रवेश मिळाल्याचं कळलं. येसेनियालाही मिळाला.

वामनाला त्रिभुवनासाठी तीन पावलं लागली. माझ्या तीस वर्षांच्या रागाला एकच पुरलं. हे तुला कळलं तर जन्मभर ऐकवशील, म्हणून पत्र पेटीत टाकत नाही.

तुझी, अजून थोडी रागावलेली,
मैथिली