वाल सोलणाऱ्यांचा ग्रुप

आई, काल सकाळी मी वाल सोलत बसलेलो. मोड छान आलेले, पाणी जरा जास्तच गरम झालं, आणि बोटांना तो हिरवट, थोडा कडवट वास लागला. मानपाड्याच्या आपल्या दोन खोल्यांतला दुपारचा उजेड एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला. तुझी फार आठवण आली. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. माझी नोकरी गेली. दिवाळीत वर्ष होईल. ठाण्याच्या कंपनीत इतकी वर्षं माल पाठवायचं काम बघितलं, शेवटी मॅनेजर झालेलो, आणि एका सोमवारी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि घरी पाठवलं. तुझ्या सुनेला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या." बाकी कोणालाच सांगितलं नाही. आणि दोन-तीन महिन्यांनी मी काय केलं असेल? नोकरी गेलेल्यांसाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. हसू नकोस. पहिल्याच मेसेजमध्ये ठोकून दिलं की मी स्वतः मॅनेजर म्हणून नोकरीत आहे, पण चार लोकांच्या उपयोगी पडावं असं वाटतं. म्हटलं, घरी बसलेल्या माणसाच्या ग्रुपात कोण येणार?

आले लोक. डोंबिवली, कल्याण, ठाणे, साठेक जण झाले. मी पडलो ऑफिसातला माणूस, लगेच तक्ता केला. नाव, अनुभव, किती ठिकाणी अर्ज केला, कुठून बोलावणं आलं का. दर सोमवारी भरायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! लोक एकेक करून गळायला लागले. भांडण नाही, तक्रार नाही. सकाळी फोन उघडावा तर कोणीतरी ग्रुप सोडून गेलेलं, एवढंच. निम्मे गेले तेव्हा कुठे मला तुझं स्वयंपाकघर आठवलं.

तुमची औषधांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सहावीत. पॅकिंगच्या लाइनवरच्या तुम्ही आठ जणी दर गुरुवारी आपल्याकडे जमता. मध्ये मोठी परात, कोमट पाण्यात सगळ्यांच्या घरचे वाल एकत्र. खिडकीच्या गजांतून ऊन येतंय, बाहेर एमआयडीसीचा तो गोडसर उग्र वास, आणि तुमची बोटं अशी चालतात जणू लाइन अजून चालूच आहे, फक्त पट्ट्यावरून गोळ्यांऐवजी वाल येतायत. कोणी सासूची नक्कल करतं, कोणी हसता हसता डोळे पुसतं. तुझा नियम एकच. "हात चालवा, तोंड चालवा, पण कुठे मिळालं का, हे कोणी कोणाला विचारायचं नाही." आणि मी दीडशहाणा, पाणी प्यायला आत येतो आणि दाराशी बसलेल्या मावशींना विचारतो, "मावशी, लागली का तुम्हाला नोकरी?" त्या मला नेहमी आवळासुपारी द्यायच्या. "लागेल हं राजा," म्हणाल्या, हात थांबले नाहीत. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. नंतर कधीच आल्या नाहीत. तू मला मारलं नाहीस. "तोंड दिलंय म्हणून काहीही विचारायचं नसतं रे," एवढंच म्हणालीस, आणि जेवताना वालाचं बिरडं वाढलंस ते माझ्याकडे न बघता. ते अजून लागतं.

तर मी तक्ता उडवून टाकला. आता दर बुधवारी अकरा वाजता आम्ही व्हिडिओवर जमतो. कॅमेरा तोंडावर नाही, हातांवर. प्रत्येकाने घरातलं काहीतरी काम घेऊन बसायचं, आणि तुझा नियम जसाच्या तसा. आई, तू बघायला हवं होतंस. छोट्या छोट्या चौकोनांत नुसते हात. नौपाड्यातले एक काका, कपड्यांच्या दुकानात जन्म काढलेले, ते लसूण सोलतात. डोंबिवलीची एक मुलगी, कॉम्प्युटरवाली, पोळ्या लाटायला शिकतेय, आधी नकाशासारख्या व्हायच्या. कुठून तरी कुकरची शिट्टी ऐकू येते, ती कोणाच्या घरची ते कळत नाही. बोलणं चालू राहतं, मध्येच थांबतं, आणि थांबलं तरी कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. कधी कधी मला वाटतं मी त्या परातीपाशीच बसलोय, उठलोच नाहीये.

पण त्या नियमाच्या आड मी मजेत लपलोय, हेही खरं. कोणी विचारत नाही म्हणून सांगावं लागत नाही. तूही अशीच बसायचीस का गं? आठ जणींना तू सांभाळलंस, तुला कोणी विचारलं का कधी? मी तर नाहीच विचारलं.

काल पोळी लाटता लाटता ती मुलगी म्हणाली, "दादा, नियम मोडून एक विचारू?"

मी म्हटलं, "विचार."

"तुमची कधी गेली?"

सगळ्या चौकोनांतले हात थांबले. मी म्हटलं, "कोण म्हणालं गेली म्हणून?"

तेवढ्यात काका म्हणाले, "अहो साहेब, दर बुधवारी सकाळी अकराला कुठला मॅनेजर घरी वाल सोलत बसतो? पहिल्या दिवसापासून माहितीये सगळ्यांना. तुमचाच नियम, म्हणून गप्प बसलेलो."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसले. म्हटलं, हो, गेली. आई गं, किती हलकं वाटलं!

"कधी?" तिने पुन्हा विचारलं.

"झाला एक महिना," मी म्हटलं.

ग्रुप काढूनच आठ महिने झालेत. सगळ्यांना हिशोब कळत होता. काकांनी लसणाची पुढची पाकळी घेतली आणि हात परत चालू झाले. महिना का म्हणालो, मलाच ठाऊक नाही. आणि आई, तू आज असतीस ना, तर तुलाही महिनाच सांगितला असता.