अवचित येणाऱ्यांसाठी तापवलेलं पाणी

एर्मिनियो आणि नातेर्सिया, हे ऐकायला येताना चष्मा घरी विसरला असाल, म्हणून नोटरीबाईंना मोठ्याने वाचायला सांगून ठेवलं आहे. आई कोण तेही विसरला असाल, तर ओळख करून देते.

मी देओलिंदा फुर्तादो, कै. ग्वाल्तेर फुर्तादो यांची विधवा, जन्म साओ मिगेल या पोर्तुगीज बेटावरचा, राहणार समुद्रापार, थंड मुलखातल्या लावालला. अक्षरओळख नाही, पण पूर्ण शुद्धीत आहे. गुडघे गेले, डोकं जागेवर आहे. कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, स्वखुशीने सांगते आणि नोटरीबाई लिहून घेतात. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. तुम्ही दर रविवारी येता, असं त्यात गृहीत धरलं होतं.

कलम १. राहतं घर आणि परसातला पोहायचा हौद दोघांना निम्मा-निम्मा. अट कलम ४ मध्ये आहे.

कलम २. ग्वाल्तेरची कुदळ, पहार, फावडी एर्मिनियोला. तुम्ही शेजाऱ्यांच्या हौदाकडे कुंपणावरून बघत राहू नये, म्हणून याच हत्यारांनी त्याने आपला हौद खणला. हीटर मात्र जन्मात बसवू दिला नाही. "समुद्र कोणी तापवतो का, देओलिंदा?" म्हणायचा, आणि स्वतः घोट्याच्या वर कधी भिजला नाही. हे भांडण कोणाच्या नावे करत नाही. ते बरोबर नेणार आहे.

कलम ३. हीटरविषयी. ग्वाल्तेरच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला तुम्ही सगळे आला होतात. पोरांनी हौदात पायाचं बोट घातलं, "आजी, हा तर बर्फ आहे!" म्हणून पळाली, आणि कॉफी व्हायच्या आत तुमच्या गाड्या निघाल्या. तेव्हा ठरवलं, पाणी ऊन करायचं.

एर्मिनियो फोनवर म्हणाला, "गॅसचा घे आई, दुपारपर्यंत तयार." नातेर्सिया म्हणाली, "त्याचं ऐकू नकोस. छपरावर काळ्या नळ्या टाक, सूर्य फुकट आहे." इथला सूर्य फुकट आहे गं, पण येतो कुठे? तुझ्यासारखाच तो.

दुकानदाराने एकच विचारलं, "आजी, माणसं कळवून येतात की अवचित?" कळवून येत असतील तर गॅस: फोन आला की पेटवा. अवचित येत असतील तर हीट पंप: तो बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतो. गार पाण्याला तीन दिवस लावतो, पण एकदा तापलं की थोड्या विजेवर तसंच राखतो. रात्री फक्त झाकण ओढायचं. मी छाती काढून म्हटलं, "आईच्या घरी कोणी फोन करून येतं का?" आणि हीट पंप घेतला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, रोज सकाळी मी त्यात कोपर बुडवत आले, तुम्ही तान्ही असताना तुमच्या अंघोळीचं पाणी बघायचे तसं. पाणी रोज बरोबर असायचं.

न येणाऱ्यांसाठी कुठला हीटर घ्यावा, ते त्या दुकानदाराने विचारलंच नाही.

शेजारच्या रेजानबाई एकदा कुंपणापाशी आल्या. "अहो, रोज तापवता ते कोणासाठी?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी. उतरा." तेव्हापासून त्या टोपी घालून उतरतात. मी काठावर खुर्ची टाकून बसते आणि फाटकाकडे बघते.

कलम ४. माझ्या पश्चात येणाऱ्या जूनपर्यंत घर विकू नये. गारठ्यात हा पंप चालत नाही. जूनमध्ये दोघांनी पोरांसह यावं, पंप सुरू करावा, आणि पाणी तापेपर्यंतचे तीन दिवस याच घरात, एका टेबलावर जेवून काढावेत. मग सगळ्यांनी एकदम पाण्यात उतरावं. नंतर हौद बुजवा, माझी हरकत नाही.

नोटरीबाई म्हणतात, "देओलिंदाबाई, ही अट कोर्टात टिकायची नाही." आईची अट कुठल्या कोर्टात टिकली आहे? लिहा.

नाही आलात तरी घर तुमचंच. शिक्षा सांगायला माझी जीभ वळत नाही. आणि तुम्ही येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो म्हणेल सुट्टी नाही. ती म्हणेल, तो येणार असेल तर मी येत नाही. मग दलालाकडे किल्ली द्या.

कलम ५. बँकेतलं माझ्या मातीला. उरलं तर नातवंडांना पोहायला शिकवावं. कुठेही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवते.

साक्षीदार: सिल्व्हँ ग्रावेल, हौद उघडून-बंद करून देणारा (सही)
कोन्सेइसाओं मेदेरोस, चर्चच्या स्वयंपाकघरातली (सही)

लावाल, १४ ऑक्टोबर २०१९. आजच हौदावर हिवाळ्याचं झाकण घातलं.

अंगठ्यानंतर सांगितलेली पुरवणी, साक्षीदारांसमोरच: मातीच्या दिवशी रेजानबाईंकडे अख्खा गोड पाव आणि पुदिना घातलेलं मांसाचं सूप पाठवावं, वाफ जायच्या आत. माझ्या मुलांकडे काही पाठवू नये. त्यांची ताटं इथेच टेबलावर झाकून ठेवावीत, आणि गार झाली की पुन्हा ऊन करावीत.