पुठ्ठ्याच्या घड्याळाची सजा

वाल्डॉर्फ,
जून २००७

तीर्थरूप नानांच्या चरणी, जर्मन करारकायद्याच्या तावडीतून सध्यापुरता सुटलेल्या तुमच्या जावयाचा, तनयचा, साष्टांग नमस्कार.

तुमची प्रकृती उत्तम असणार. सोसायटीच्या सभेत तुम्ही सेक्रेटरीला तासभर उभं राहून पाणी पाजलंत हे इथवर कळलं आहे, त्यावरून गुडघा बरा असावा (बसून भांडणं तुमच्या तत्त्वात बसत नाही). इकडे मैथिली खुशाल, मी खुशाल, आणि आईंचंही बरं चाललं आहे. म्हणजे आता बरं चाललं आहे. मधल्या काळात त्यांनी बॅग भरायला काढली होती. तुमच्या कानावर हे तिसऱ्याकडून जायला नको म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पुण्यात गाडी भलत्या जागी लावली तर ती उचलून नेतात. आपण चौकीवर जातो, साहेबांपुढे मान खाली घालतो, पावती फाडतो आणि संध्याकाळच्या चहाला घरी असतो. इथे इतका रानटीपणा नाही. इथे गाडीला कुणी बोटही लावत नाही. इथे पत्र येतं. आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटने आपलं आवार राखण्याचं काम एका खाजगी कंपनीकडे दिलं आहे. (तिचं नाव एका दमात उच्चारता येत नाही, त्यामुळे तिला शिव्याही घालता येत नाहीत.) नियम साधा आहे. गाडीत पुठ्ठ्याचं एक निळं घड्याळ ठेवलेलं असतं. आपण किती वाजता आलो ते त्यावर काटा फिरवून दाखवायचं, घड्याळ पुढच्या काचेमागे ठेवायचं आणि दीड तासात निघायचं. ज्या देशाने जगाला उत्तमोत्तम मोटारी दिल्या, तो देश त्या मोटारी पुठ्ठ्याच्या भरवशावर उभ्या करतो.

एका शनिवारी अकराच्या सुमारास आम्ही तिघं तिथे गेलो. आईंना आतल्या दुधादह्याच्या विभागात थंडी वाजते म्हणून त्या गाडीतच बसल्या. मी काटा अकरावर लावला, किल्ली त्यांच्याजवळ ठेवली, आणि आम्ही दोघं आत गेलो. अर्ध्या तासात बाहेर आलो, घरी गेलो, जेवलो, झोपलो. निष्पाप माणसाचा शनिवार जसा जावा तसा गेला.

काही आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. सुरुवातीला ‘अतिशय आदरणीय श्रीयुत’ आणि शेवटी ‘मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह’. मधल्या मजकुरात मला ठग म्हटलं होतं. गाडी आवारात घातली त्या क्षणी माझा त्यांच्याशी करार झाला म्हणे. (लग्नातसुद्धा निदान अंतरपाट दूर होईपर्यंत थांबतात.) करारभंग असा, की सकाळी अकरा वाजता उभ्या असलेल्या गाडीतलं घड्याळ अडीच दाखवत होतं. म्हणजे मी त्या दुपारी अडीचला येणार होतो आणि आधीच येऊन बसलो होतो. काचेवर चिठ्ठी लावूनही मी दंड भरला नव्हता, हा दुसरा गुन्हा. मी अशी चिठ्ठी पाहिली नव्हती. घरात शोधाशोध केली तेव्हा ती मेतकुटाच्या बरणीखाली सापडली. आईंना ती जाहिरात वाटली होती, आणि कागद जाड होता.

मी आधी बाणेदारपणा दाखवला. शब्दकोश घेऊन शनिवार-रविवार बसलो आणि कंपनीला दोन पानी खणखणीत निषेध लिहिला. पोस्टात टाकल्यावर त्याची प्रत मैथिलीला दाखवली. तिने शांतपणे वाचली आणि विचारलं, “तू निषेध केला आहेस ना? मग यात तिथे कायमची गाडी लावायची परवानगी का मागितली आहेस?” (माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, हे तुम्ही जाणताच.)

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा रक्कम तिपटीवर गेली होती. माझा पत्ता शोधण्याचा खर्च, मला पत्र लिहिण्याचा खर्च, आणि मी लिहिलेलं वाचण्याचे कष्ट हे सगळं माझ्याच नावावर. आता प्रकरण वसुलीवाल्यांकडे जाईल, अशी मैत्रीपूर्ण धमकी होती. ती मात्र झोंबली. आम्ही मोठ्या घरासाठी अर्ज केला आहे, आणि इथले घरमालक भाडेकरूच्या बाबतीत मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी करतात. वसुलीचा डाग लागला की घर गेलं. आणि खाली शेवटची ओळ होती: घड्याळ जाणूनबुजून फिरवलं का, असं गाडीतल्या महिलेला विचारलं असता तिने दोनदा स्पष्ट होकार दिला.

मी आईंना विचारलं, तुमच्याशी कुणी काही बोललं होतं का? त्या म्हणाल्या, “आला होता एक माणूस. काचेवर टकटक करून घड्याळाकडे बोट दाखवत होता. एकटी बाई बघून आला असेल. ‘जा’ कसं म्हणायचं, म्हणून म्हटलं, या आता. तरी हलेना. मग मोठ्याने म्हटलं, या!”

नाना, जर्मन भाषेत ‘या’ म्हणजे ‘होय’.

मैथिली हसून हसून खाली बसली. मी हसणार होतो, पण आईंचा चेहरा बघितला. जावयाला आपण कायद्यात अडकवलं, आता घर मिळणार नाही, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बॅग पलंगावर, आणि तिकीट अलीकडचं करून मिळतं का ही विचारणा. अखेर मैथिलीने घड्याळ फिरवलंस तरी कशाला म्हणून विचारलं तेव्हा कळलं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ आम्ही आल्याआल्या इथल्या वेळेला लावून दिलं होतं. तेव्हापासून तिकडे किती वाजले हे त्यांना धड उमगेना. तुमची जेवणानंतरची गोळी अडीचची. पुठ्ठ्याचं घड्याळ बंदच होतं, कुणाच्या उपयोगाचं दिसेना, म्हणून बोटांवर हिशोब करून त्यांनी ते पुण्याला लावलं.

मी मुकाट्याने पैसे भरायला निघालो होतो. मैथिली म्हणाली, कंपनीला काय लिहितोस, दुकान ज्यांचं आहे त्यांना भेटू. सोमवारी आम्ही तिघं मॅनेजरबाईंसमोर उभे राहिलो. आई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जायचं असल्यासारख्या. फ्राऊ होफमायस्टर नावाच्या या बाई साठीच्या जवळ आलेल्या, चष्मा साखळीला, चेहरा गोदामाच्या दरवाजासारखा. मैथिली पुण्यात जर्मन शिकली त्या क्लासची फी तुम्ही भरली होती, ती त्या दिवशी वसूल झाली. मला मधूनमधून ‘गेनाऊ’ (म्हणजे ‘अगदी बरोबर’) तेवढं कळत होतं. ‘या’चा भाग आला तेव्हाही बाई हसल्या नाहीत. त्यांनी आईंना एकच विचारलं: मग त्यांनी गोळी घेतली की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?

आई म्हणाल्या, “कळत नाही. ते फोन करत नाहीत. आम्ही केला की म्हणतात, ठीक आहे, बिल वाढतंय, ठेव.”

मैथिलीने ते शब्दाला शब्द सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला, फोन उचलला आणि कंपनीतल्या कुणाला तरी गाठलं. नासकं दूध आणणाऱ्याशी बोलावं तशा त्या बोलल्या. दंड, पत्ताशोध आणि पत्रलेखनासह सगळं रद्द. माझ्या दोन पानी जर्मनमुळे आकडा तिप्पट झाला होता, आणि आईंच्या तीन वाक्यांनी तो साफ पुसला गेला. उच्चशिक्षणाबद्दलचं माझं मत मी तूर्त राखून ठेवतो.

बॅग पुन्हा माळ्यावर गेली आहे. सेक्रेटरीला आमचा नमस्कार सांगावा, तो अजून सोसायटीत असल्यास. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गाडीवाल्यांना सद्बुद्धी.

तुमचा आज्ञाधारक (आणि आता निर्दोष),
तनय

ता. क. वसुलीचं संकट टळलं, पण घर मिळालं नाही. घरमालकाने ते आपल्या भाच्याला दिलं. त्याच्या भाच्याची चौकशी कुणी केली नसावी.

ता. क. २. खरं म्हणजे एवढ्यासाठी मी चार पानं लिहिली नसती. निघताना फ्राऊ होफमायस्टर मला म्हणाल्या की, तुम्ही पत्र चुकीच्या पत्त्यावर पाठवलंत, ते त्या गृहस्थांना पाठवायला हवं होतं. तर नाना, येत्या रविवारी गोळी घेतल्यावर तुम्ही स्वतः फोन करावा. तुमचं तिकडे उत्तम चाललं आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण कृपया तसं सांगू नये. स्वयंपाकाच्या बाईंच्या आमटीबद्दल तक्रार करावी. बिलाचा विषय काढू नये, ते मी भरेन.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी आईंनी हे पत्र वाचलं. त्या म्हणतात यातलं निम्मं बनवलेलं आहे. घड्याळ चुकलेलं दिसलं म्हणून त्यांनी नीट लावलं, गोळीबिळीचा काही संबंध नाही, आणि फोनची त्यांना मुळीच गरज नाही. त्यानंतर रविवारी हायडेलबर्गचा किल्ला बघायला जायचं ठरलं होतं ते त्यांनी रद्द केलं. किल्ला काय, कुठे पळून जातोय, म्हणाल्या.